जाऊबाई, बहीण की आणखी कुणी?

सरोगेट आई जवळची नातेवाईकच हवी, अशी अट २०१९च्या विधेयकात होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने ती वगळायला सांगितली आणि २०२१च्या कायद्यात राजी असलेली कोणतीही पात्र स्त्री आली. हे योग्यच झाले. घरची बाई विश्वासाची, हा मुद्दा खोटा नाही. पण पैशाच्या मोबदल्याला बंदी सर्वांनाच आहे, आणि थोरल्यांच्या बैठकीत धाकट्या जावेने ‘नाही’ म्हणणे किती जड, हे काय सांगावे! म्हणूनच वय २५ ते ३५, स्वतःचे मूल, आयुष्यात एकदाच, ३६ महिन्यांचा विमा या अटी नात्यातही सुटत नाहीत. गर्भ रोपण होण्यापूर्वी तिला संमती मागे घेता येते. डॉक्टरांनी हे तिला एकटीला बसवून सांगावे.