गळा स्त्रीचा, बुद्धि कोणाची?

स्त्रियांनीं मैफलींत गावें, यास आतां कोणी हरकत घेत नाहीं; परंतु गाणें रचण्याचा व त्याच्या शास्त्राविषयीं मत देण्याचा अधिकार त्यांस आहे कीं नाहीं, असा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळांच्या कपाळास अजून आठी पडते. ही समजूत किती पोकळ आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं डॉ. प्रभा अत्रे यांचें चरित्र पाहावें.

पुणें येथें ता. १३ सप्टेंबर १९३२ रोजीं जन्मलेल्या या विदुषींनीं विज्ञान व कायदा या दोन्ही विषयांच्या पदव्या घेतल्या. किराणा घराण्याची तालीम त्यांस सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांजकडून मिळाली. परंतु गुरूंनीं दिलेलें जतन करण्यावरच त्या थांबल्या नाहींत. अपूर्व कल्याण, मधुरकंस यांसारखे नवे राग त्यांनीं बांधिले. मारुबिहाग व कलावती या रागांतील त्यांच्या बंदिशी रसिकांच्या तोंडीं बसल्या.

ख्यालांत सरगम गावी कीं नाहीं, हा वाद जुना आहे. सरगम हा केवळ शिकाऊंचा पाठ होय, असें म्हणणारे थोडे नव्हते. बाईंनीं सरगम हाच प्रबंधाचा विषय करून डॉक्टरेट मिळविली, आणि जें लिहिलें तें मैफलींत गाऊनही दाखविलें. रागांचे ठराविक वेळ केवळ परंपरेनें आले म्हणून मानावे, हेंही त्यांस पटलें नाहीं. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठांत संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनीं हीच विचार करण्याची शिस्त विद्यार्थिनींस लाविली.

आमचे व्यापारी वाचक जाणतातच कीं, ज्या पेढीच्या वहींत माल कोणाचा याची नोंद नाहीं, तिची पत फार दिवस टिकत नाहीं. आमच्या संगीताचा व्यवहार बहुतेक तोंडी. त्यांत चिजा दडवून ठेवण्याची खोड. प्रभाताईंनीं आपल्या बंदिशी पुस्तकरूपानें छापून सर्वांपुढें ठेविल्या, हा त्यांचा मोठाच उपकार होय.

सरकारनें त्यांस १९९० सालीं पद्मश्री, २००२ सालीं पद्मभूषण व २०२२ सालीं पद्मविभूषण दिलें. ता. १३ जानेवारी २०२४ रोजीं त्या निवर्तल्या. आतां मैफली भरविणाऱ्या मंडळींनीं बंदिशीपूर्वीं ती रचणाऱ्याचें वा रचणारीचें नांव सांगण्याचा नियम करावा. आणि आईबापांनीं गाणें शिकणाऱ्या मुलीस ‘गा’ म्हणतांना ‘रच व लिही’ असेंही सांगावें. यास खर्च कांहीं नाहीं. दानत मात्र हवी.