साठ पाहिजे बघा

बंगळूरच्या बेळ्ळंदूरला राहायला आल्यापासून आमच्या टीव्हीवर मालिकेतली माणसं चौकोनांत फुटायची. आधी चेहरे विस्कटत, मग आवाज तुटे, शेवटी पडद्यावर पाटी येई: सिग्नल नाही. केबलवाल्यांच्या फोनवरच्या मुलीने तीनदा सेट-टॉप बॉक्स बंद-चालू करायला लावला आणि चौथ्यांदा ‘नवा घ्या’ म्हणाली. दुरुस्तीला आलेल्या पोराने मात्र बॉक्सकडे बघितलंसुद्धा नाही. मागची वायर काढून त्याने हातातल्या मीटरला लावली. ३८.

“साठ पाहिजे बघा, ताई.” पोरगा निपाणीकडचा. मराठी ऐकल्यावर कानडी सोडून मोकळा झाला. “बॉक्स चांगला हाय की. लाइनीत दम नाही.”

गच्चीवर निघाला, तशी मीही मागोमाग गेले.

पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण त्या मुंग्यांतूनही सिनेमा दिसायचा. बंगळूरचं केबल २०१३ च्या मार्चअखेर डिजिटल झालं आणि ही मधली अवस्थाच गेली. हरवलेला मजकूर बॉक्स एका मर्यादेपर्यंत स्वतःच भरून काढतो, म्हणून चित्र अगदी स्वच्छ दिसतं. मर्यादा ओलांडली की चौकोन, आणि लगेच काळोख. त्यामुळे बिघाड मुरत असताना कुणाला पत्ता लागत नाही.

गच्चीवर मुख्य लाइन भरली ६८. तिथून आमच्या घरापर्यंत पंचवीसेक मीटर वायर, तिचे पाच गेले. शेजाऱ्यांसाठी लावलेल्या स्प्लिटरचे चार. मग उरलेले २१ डेसिबल कुठे मुरले? दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते. म्हणजे त्या २१ पायी शंभरातला एक भागही धड पोचत नव्हता.

त्याने स्प्लिटरवरचा जॅक फिरवून काढला आणि माझ्यापुढे धरला. मधली तार काळी पडली होती. वारा बेळ्ळंदूरच्या तळ्याकडून येत होता. तो वास इथल्या माणसाला सांगावा लागत नाही. २०१५ मध्ये ज्याच्यावरचा फेस पेटला, तेच हे तळं. “तळं तांबं खातंय,” तो म्हणाला. मला आधी ही पळवाट वाटली. मग देवघरातलं चांदीचं निरांजन आठवलं. घासून आठवडा होत नाही तोच काळं पडतं. सांडपाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड चांदीही काळवंडवतो आणि तांबंही. तरी सगळं तळ्यावर ढकलू नये. जॅकला रबरी टोपी नव्हती, पावसाचं पाणी आत गेलं होतं. वायरीत तांब्याचा नुसता मुलामा, आत लोखंड. मुलामा गेला की गंज. टोपी न घालणारा माणूस कुणी होताच ना?

त्याने इंचभर वायर कापून टाकली, ब्लेडने साल सोलली, जाळी मागे मुडपली. जाळीचा केसाएवढा तंतू मधल्या तारेला टेकला होता. तो नखाने उचलून फेकला. एवढ्यासाठी त्याने डोळे बारीक केले, श्वास रोखला. नवा जॅक दाबून बसवला, वर टोपी घातली. हे काम त्याच्या पावतीवर कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिथे फक्त ‘बॉक्स बदलला’ आणि ‘बॉक्स बदलला नाही’.

खाली चित्र लख्ख आलं होतं. मी चहा टाकला. त्याने मीटर लावला: ५९.

“एक कमीच,” म्हणाला आणि पकड घेऊन पुन्हा गच्चीवर गेला.