कवटीचे नवे हाड

बारामती एमआयडीसीत दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार लागला आणि मेंदू सुजला, तर त्याला जागा मिळावी म्हणून डॉक्टर कवटीचा तुकडा काढतात. जीव वाचतो, पण तिथे मेंदूवर टणक कवच उरत नाही. एवढी मोठी पोकळी आपोआप भरत नाही. म्हणून सूज उतरल्यावर दुसरी शस्त्रक्रिया लागते. तिला निव्वळ दिसण्यापुरती समजून टाळणारे पुष्कळ!

काढलेले हाड कधी रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपतात व पुन्हा बसवतात. ते वापरता आले नाही, तर टायटॅनियमची जाळी किंवा ॲक्रिलिकचे सिमेंट. पुण्याच्या भारती रुग्णालयात २०१८ साली चार वर्षांच्या मुलीला तिच्या मापाने अमेरिकेत घडवलेले पॉलिइथिलीनचे हाड बसवले. कवटीचा सुमारे ६० टक्के भाग त्याने झाकला.

ओळखीत असा रुग्ण असल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख जरूर विचारा.