लेकराचे औषध म्हणजे मोठ्यांची अर्धी गोळी नव्हे



निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार नव्या कलमांवर जुन्या वेलींच्या मापाने औषध फवारत नाही. कोवळी पालवी करपेल, हे त्याला ठाऊक असते. पण घरात लेकराला ताप आला की आपण मोठ्यांची गोळी मोडतो आणि अर्धी चुरून पाजतो. मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही.

पोटात गेलेले बरेचसे औषध यकृत मोडते आणि मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. तान्ह्या बाळाची ही दोन्ही इंद्रिये कच्ची असतात. त्यामुळे औषध अंगात साचत जाते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुनाशक औषध दिलेली काही नवजात बाळे राखी रंगाची पडून दगावली. त्यांच्या यकृताला ते औषध पचवता आले नव्हते. उलट दोन-तीन वर्षांचे मूल काही औषधे मोठ्यांपेक्षाही लवकर संपवते. म्हणून डोस अंदाजाने नव्हे, वजनावर ठरतो.

तापाच्या पॅरासिटॅमॉलचेच पाहा. डॉक्टर एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम धरतात. ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम झाले. ५०० च्या गोळीची अर्धी दिली तर २५० जातात, म्हणजे दुपटीहून जास्त! बाटलीतही फसगत होते. थेंबांच्या औषधात बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. थेंबांचे औषध चमचाभर पाजले तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेले. जास्त पॅरासिटॅमॉलने यकृत निकामी होऊ शकते.

खोकल्याच्या औषधाचीही गोष्ट ऐका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात भेसळीच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे बंद पडून दगावली. अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत. बहुतेक सर्दी-खोकला आपोआपच बरा होतो.

माता-भगिनींनो, एवढे पाळा :

• तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

• मुलांच्या तापावर ॲस्पिरिन देऊ नका. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालील मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे.

• कापूर असलेला बाम तान्ह्याच्या नाकाला लावू नका. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

• वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नका.

• औषध बाटलीबरोबरच्या मापानेच द्या. घरातले चमचे लहानमोठे असतात.

• थोरल्याचे उरलेले औषध धाकट्याला देऊ नका.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत लेकराचे वजन करून घ्या आणि ते कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना तो कागद आणि घरातल्या औषधाच्या बाटल्या बरोबर न्या. किती, किती वेळा आणि किती दिवस द्यायचे, हे तीनही प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. विचारण्यात कमीपणा नाही.