बेटं आंदण, समुद्र कोळ्यांचा

1722 साली ईस्टरच्या दिवशी याकोब रोखेवेन हा डच दर्यावर्दी प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटाला लागला. 1877 मध्ये त्या बेटावर मोजून 111 माणसं उरली होती. मधल्या काळात पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी हजाराहून अधिक लोक पळवून नेले. जे मूठभर परत आले, त्यांच्यासोबत देवीची साथ आली. हवाई बेटांवर कॅप्टन कुक 1778 मध्ये पोचला, तेव्हा तिथली वस्ती लाखांत होती. 1890 च्या जनगणनेत मूळ वंशाचे, मिश्र धरूनही, चाळीस हजारांच्या आसपासच भरले. ताऱ्यांच्या आणि लाटांच्या खुणांवर हजारो मैल होड्या हाकणारे हे पॉलिनेशियन लोक जगापासून इतके दूर राहिले होते की परक्यांच्या रोगांशी झुंजण्याची ताकद त्यांच्या अंगात नव्हती.

अशीच गाठ आपल्याकडेही पडली. जानेवारी 1509 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचं आरमार दीवच्या लढाईला निघालं होतं. वाटेत ते माहीमच्या पाण्यात थांबलं. पण मुंबई, परळ, माझगाव, माहीम, वरळी आणि दोन कुलाबे या सात बेटांवर पुढे जे घडलं, त्याचा हिशेब अगदी उलटा आहे. इथे रोगाने मेले ते प्रामुख्याने आलेले गोरे.

याचं कारण या बेटांच्या जुन्या इतिहासात आहे. ती कधीच जगाआड नव्हती. उत्तरेला सोपारा बंदर. तिथल्या स्तूपाचं उत्खनन 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी केलं आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. साष्टीतल्या कान्हेरी लेण्यांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. वि. का. राजवाड्यांनी 1924 मध्ये छापलेली ‘महिकावतीची बखर’ बिंब राजाच्या वसाहतीची कथा सांगते. माहीमच्या दर्ग्यातले मखदूम अली माहिमी 1431 मध्ये वारले, तेव्हा कुराणाचे भाष्यकार म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. शतकानुशतकं गलबतांतून माल आला, माणसं आली, तसे रोगही आले. देवी इथे नवी नव्हती आणि हिवताप तर घरचाच.

डिसेंबर 1534 मध्ये हुमायूनच्या स्वारीची धास्ती घेतलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात ही बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यांनी ती जहागिऱ्या पाडून वाटली. खुद्द मुंबई बेट 1554 च्या सुमारास गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने गेलं. त्याचा वाडा आजच्या आयएनएस आंग्रेच्या आवारात होता. 1554 मध्येच सिमाओ बोतेल्यो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने महसुलाची नोंदवही तयार केली. तिच्यात बेटं आहेत ती रकमांच्या रूपात. धर्म बदलला, चर्चं उभी राहिली, तरी घरातली बोली मराठीच राहिली. 1887 मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलेल्या समाजाच्या लग्नात ‘उंबराचं पाणी’ आजही विहिरीवरून वाजतगाजत आणतात.

1661 च्या तहाने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला राणी कॅथरीनच्या आंदणात मिळाली. ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी दाद दिली नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तो वाट पाहत राहिला आणि तिथेच वारला. चारेकशे शिपायांपैकी शंभरच्या आसपास जगले. पुढे मुंबईतही गोरा माणूस दोन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही, असं बोललं जाई. इंग्रजांनी दोष ठेवला माडांना घालायच्या खतावर. इथले लोक माडाच्या बुंध्याशी मासळी पुरत. पहिल्या सरींबरोबर तिची दुर्गंधी सुटे. ती हवा बाधते म्हणून बंदीचे हुकूम निघाले. खरा गुन्हेगार दलदलीतला डास होता, पण ते कळायला रोनाल्ड रॉसचं 1897 साल उजाडावं लागलं.

म्हणजे बेटकरी जगले. त्यांचं गेलं ते वेगळंच. ते समजायला कोळ्याची मिळकत कशात होती, हे पाहायला हवं. डोल हे पिशवीसारखं लांब जाळं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना त्याचं तोंड बांधायचं, प्रवाहाकडे करून. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील आणि जवळा आत शिरतो. पाणी फिरायच्या आत जाळं उचलायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ दांडगी, अष्टमीच्या भांगाला मंद. कोणता खुंट कोणाचा हे वाडवडिलांपासून ठरलेलं असतं. शेतकऱ्याला बांध, तसा कोळ्याला खुंट.

हा हक्क कागदावर आला तो 1665 मध्ये. शिपमनच्या जागी आलेल्या हम्फ्री कुकने ताबा घेताना पोर्तुगीजांशी करार केला. पोर्तुगीज गावांतून पळून आलेल्या कुणबी-भंडाऱ्यांना इंग्रजांनी आसरा देऊ नये, असं एक कलम त्यात आहे. माणसं जमिनीबरोबर मोजली जात होती, ती अशी. पण दुसरं एक कलम म्हणतं की बंदरात आणि वांद्र्याकडून आत येणाऱ्या खाडीत पोर्तुगीज मुलखातल्या रहिवाशांनी मोकळेपणाने मासे धरावेत, इंग्रजांनी त्यांना कधी अडवू नये की त्यासाठी कर मागू नये. मुंबईच्या लोकांनाही तीच मुभा. तीनच वर्षांनी राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकलं.

त्यानंतरची गोष्ट भरावाची. 1780 च्या दशकात हॉर्नबी वेलार्डने वरळीची खाडी बुजवली, 1838 मध्ये कुलाब्याचा रस्ता झाला, 1845 मध्ये माहीमचा. बोरीबंदराजवळचं मुंबादेवीचं देऊळ त्याआधीच हलवावं लागलं होतं. सात बेटं एकजीव झाली आणि कोळीवाडे शहराने वेढले गेले. पुण्याजवळच्या हिंजवडीकरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. आयटी पार्क आला, म्हातोबाचं देऊळ जागेवर राहिलं, पण भोवतीचं शिवार गेलं. फरक इतकाच की शिवाराला सातबारा असतो, खुंटाला नसतो.

त्यामुळेच कोस्टल रोडच्या वेळी वरळी कोळीवाड्याने धरलेला हट्ट मला मोलाचा वाटतो. क्लीव्हलँड बंदरासमोरच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलं होतं. एवढ्यात लाटांवर होडी सांभाळून नेता येत नाही, असं म्हणून कोळ्यांनी काम अडवलं. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने ते 120 मीटर करायचं मान्य केलं. कोळ्यांची मागणी त्याहून मोठी होती. म्हणजे 1665 च्या करारात जे एका कलमाने मान्य झालं होतं, ते मिळवायला आज आंदोलन करावं लागतं. समुद्र ही मोकळी जागा नाही, तिथे आधीपासून कोणाची तरी वहिवाट आहे, हे आरमारी सत्तांना कळलं होतं. आपल्या विकास आराखड्यांना ते अजून कळायचं आहे.