सहार ते सरळगाव

आखातातून येणारी विमाने मुंबईत बहुधा भलत्या वेळी उतरतात. रात्री अडीच-तीनला टर्मिनल दोनच्या दारातून ट्रॉली ढकलत माणूस बाहेर येतो, तेव्हा कठड्यापलीकडे पाट्या घेतलेले ड्रायव्हर ओळीने उभे असतात. कुणाच्या पाटीवर हॉटेलचे नाव, कुणाच्या पाटीवर साहेबाचे. ज्याचे नाव एकाही पाटीवर नसते, जो एकटाच आला आहे आणि ज्याला शहापूर किंवा मुरबाड गाठायचे आहे, त्याचा खरा प्रवास इथून सुरू होतो.

दोन्ही गावे विमानतळापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या आतली. तासाला आठशे किलोमीटर तोडून आलेल्याला हे अंतर म्हणजे अंगणच वाटावे. पण या अंगणात मेट्रो, लोकल, एसटी, शेअर रिक्षा आणि कधीकधी दूधवाल्याची मोटारसायकल अशी पाच वाहने लागतात आणि त्यांतली शेवटची दोन कुठल्याच वेळापत्रकात नसतात.

असे फक्त आपल्याकडेच होते असे मात्र समजू नये. इटलीतल्या पिसा विमानतळावर उतरून चिंक्वे तेर्रेच्या पाच किनारी गावांकडे निघालेल्या प्रवाशालाही साखळीच जोडावी लागते. विमानतळावरून ‘पिसामूव्हर’ या छोट्या गाडीने पाचेक मिनिटांत पिसा सेंत्राले स्टेशन, तिथून साधारण तासाभरात ला स्पेत्सिया, मग किनाऱ्याच्या बोगद्यांतून धावणारी लोकल. पाचांपैकी कोर्निलिया हे गाव समुद्रापासून उंच कड्यावर आणि स्टेशन पार खाली. वर जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या, नाहीतर स्टेशनावरून सुटणारी लहान बस. नेपल्सहून अमाल्फीला जायचे तर आधी विमानतळाची बस, मग सोरेंतोची लोकल आणि शेवटी समुद्राच्या कडेने वळणे घेत जाणारी घाटातली बस. गाडी चुकली तर तिथलाही प्रवासी स्टँडवर बॅगेवरच बसतो. फरक इतकाच, की त्या साखळीची माहिती जगभरच्या भाषांतून छापलेली आहे. आसनगाव स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा किती माणसे भरल्यावर सुटते, हे कुणी छापलेले नाही.

विमानतळ ते रेल्वे हा तुकडा मात्र गेल्या काही वर्षांत फारच सोपा झाला. पूर्वी सहारच्या विमानतळावरून बाहेर पडायचे म्हणजे रिक्षावाल्याशी हुज्जत घालून अंधेरी, तिथून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वेची मध्य रेल्वे करायची, तीही बॅगेसकट. 8 जून 2014 रोजी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो, म्हणजे मेट्रो एक, सुरू झाली आणि दादरचा वळसा टळला. ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मेट्रो तीनचा पहिला टप्पा उघडला आणि टर्मिनल दोनला स्वतःचे स्टेशन मिळाले. आता टर्मिनलवरून आरेच्या दिशेने फक्त एक स्टेशन जायचे, मरोळ नाका. तिथे जमिनीखालून वर येऊन मेट्रो एक पकडायची. साकीनाका, असल्फा, जागृतीनगर, की चौथे घाटकोपर. घाटकोपरला मेट्रोतून उतरलेला माणूस पुलावरूनच मध्य रेल्वेच्या फलाटावर येतो. टॅक्सीला जेवढे पैसे लागले असते तेवढ्यात या मार्गाने अख्खे कुटुंब येईल, मग एकट्याचे काय.

अट एकच, वेळेची. मेट्रो रात्रभर धावत नाही आणि लोकलही मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत विसावते. अडीचला उतरलेल्याने घाई करण्यात अर्थ नाही. चहा घ्यावा, बॅगेच्या पट्ट्यात हात अडकवून डुलकी काढावी आणि उजाडताना निघावे. सकाळी मुंबईबाहेर जाणाऱ्या लोकलला गर्दी कमी असते, कारण सारा लोंढा उलट दिशेने येत असतो. हीच बॅग घेऊन संध्याकाळी सहाला घाटकोपरच्या फलाटावर उभे राहिलात, तर कसारा लोकलचे दार लांबूनच पाहावे लागेल. तिथे रोजचे प्रवासी बॅगवाल्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती कस्टमच्या अधिकाऱ्यालाही जमत नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. त्या बाजूने येणाऱ्याची वाट निराळी. पनवेल गाठून ट्रान्सहार्बरच्या लोकलने ठाणे आणि ठाण्याला गाडी बदलून कल्याण. कुठूनही या, कल्याण चुकत नाही.

कल्याणला रेल्वे दुभंगते. एक फाटा टिटवाळा, आसनगाव करत कसाऱ्याला, दुसरा बदलापूर, कर्जतकडे. रेल्वेच्या भाषेत पहिला ईशान्य आणि दुसरा आग्नेय, म्हणून इंडिकेटरवर कसाऱ्यासाठी ‘एन’ आणि कर्जतसाठी ‘एस’ ही अक्षरे येतात. नवख्या माणसाला ती काहीच सांगत नाहीत. ‘पुढे कल्याणच आहे ना’ म्हणून ‘एस’मध्ये चढलेला आणि कल्याणला झोप लागलेला माणूस डोळे उघडतो तो अंबरनाथला.

मुळात कल्याण हा नाका किती जुना आहे, हे पाहिले की आजच्या गर्दीचेही फार वाटत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून येते, तेही प्रवाशाला इशारा देत. आधीच्या राजाच्या काळात इथे रीतसर व्यापार चाले. पुढे तो अडवला गेला आणि चुकून या बंदरात शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे इटलीच्या बाजारासाठी माल भरायला आलेल्या माणसाची कल्याणला गाडी चुकायची, ती दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा!

बंदरात उतरलेला माल वर देशावर जायचा तो नाणेघाटाने. कल्याण, आजचा मुरबाड तालुका, मग घाट, जुन्नर आणि पुढे पैठण. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. अंकलेखनाच्या इतिहासात त्या आकड्यांना मोठे मोल आहे. राजपुरुषांचे पुतळेही इथे होते. आता फक्त पावले आणि वरची नावे उरली आहेत. माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, तेव्हा या वाटेने परदेशी माणसे चढली असणार हे उघड आहे.

आजही मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण–मुरबाड लोहमार्गाची चर्चा इतकी जुनी, की ती ऐकत वाढलेली मुले आता आपल्या मुलांना ऐकवतात. कल्याणला पश्चिमेला उतरायचे आणि एसटी धरायची. शहाडचा पूल, म्हारळ, वरप, कांबा, गोवेली आणि तिसाएक किलोमीटरवर मुरबाड. रस्ता कल्याण–नगर महामार्गाचा. शहाडच्या पुलावर गाडी अडकली, तर तीस किलोमीटरचे घड्याळ लावण्यात अर्थ नाही.

मुरबाड स्टँडवर पोचल्यावर एकट्या प्रवाशाने विचारायचा प्रश्न ‘बस कधी आहे’ हा नव्हे. ‘शेवटची कधी आहे आणि परतीची कधी’ हे विचारावे. आळेफाटा, नगरकडे जाणाऱ्या गाड्या सरळगाव, टोकावडे, वैशाखरे करत माळशेज चढतात. नाणेघाटाला जाणारा वैशाखऱ्याच्या पुढे, कंडक्टरला आधी सांगून, रस्त्यावरच उतरतो. तिथून चढाई अडीच-तीन तासांची. या गाड्या लांब पल्ल्याच्या, म्हणून बऱ्यापैकी मिळतात. पण गोरखगडाच्या पायथ्याच्या देहरीला, म्हशाच्या पलीकडे, जायचे तर गाडी मोजकीच. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार लागतो, तेव्हा हाच रस्ता माणसांनी आणि खिल्लाऱ्यांनी भरून जातो. एरवी त्याच फाट्यावर तास-दीड तास टाकीवरचे कावळे मोजत बसावे लागते.

एसटीची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला गेली. लाल डब्याला नावे ठेवणे ही आपली जुनी करमणूक, पण एकट्याने, त्यातून एकटीने, फिरणाऱ्याला या भागात तिच्याइतका भरवसा दुसऱ्या कशाचा नाही. कंडक्टरला गाव माहीत असते. शेजारच्या मावशीला कंडक्टरपेक्षा जास्त माहीत असते. ‘कुणाकडं जायचंय?’ हा पहिला प्रश्न शहरातून आलेल्याला चौकशीखोर वाटतो. उत्तर देऊन टाकावे. त्या एका उत्तरावर पुढची जीप, तिचा ड्रायव्हर आणि फाट्यावर थांबायची सावली ठरते. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच मोफत. त्यामुळे बाजाराच्या दिवशी गाडीत बायका आणि म्हातारी माणसे भरपूर असतात. एकट्या मुलीला या गर्दीचा आधारच वाटतो.

शहापूरचे मुरबाडसारखे नाही. त्याला रेल्वे फार लवकर मिळाली, आणि थोडी हुकलीसुद्धा. बोरीबंदर–ठाणे गाडी धावली 16 एप्रिल 1853 रोजी. पुढच्याच वर्षी ती कल्याणला आली, 1855 मध्ये वासिंदला आणि 1 जानेवारी 1861 रोजी कसाऱ्याला. थळघाट चढून इगतपुरी गाठायला 1865 उजाडले. घाटाचा चढ सदतिसास एक, म्हणून आजही कसाऱ्याला लांबच्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. या लोहमार्गाने शहापूर गावाला मात्र बगल दिली. स्टेशन झाले आसनगावला, मुंबईपासून 86 किलोमीटरवर. गाव तिथून दोन-तीन किलोमीटर, महामार्गाच्या अंगाला. घाटकोपरहून आसनगाव दीड तासाच्या आसपास. त्यानंतरचे ते दोन-तीन किलोमीटर रिक्षाच्या मर्जीवर. टिटवाळ्यापर्यंत लोकल बऱ्याच, आसनगावपर्यंत त्याहून कमी आणि कसाऱ्यापर्यंत आणखी कमी. एक चुकली तर दुसरी दहा मिनिटांत येईल, हा मुंबईचा हिशेब टिटवाळ्याच्या गणपतीपाशीच सोडून द्यावा. अंगारकी असेल तर टिटवाळ्यापर्यंत पाय टेकायला जागा मिळत नाही, हे वेगळेच.

आसनगावला उतरणाऱ्यांत पाठीवर सॅक असलेले बरेच असतात. त्यांचे लक्ष समोरच्या माहुलीच्या सुळक्यांवर. 1636 मध्ये निजामशाहीच्या बालराजाला घेऊन शहाजीराजांनी याच किल्ल्यावर शेवटची झुंज दिली. किल्ल्याखालच्या माहुली गावापर्यंत रिक्षा जाते. एकट्याने ठरवली तर परतीचेही भाडे मोजावे लागते. चार अनोळखी सॅकवाले एकत्र झाले की ते चौघांत विभागते. ही सोयरीक फलाटावरच जमवावी, रिक्षास्टँडवर जाईपर्यंत उशीर होतो. पावसाळ्यात धबधबे आणि किल्ल्यांवर जिल्हा प्रशासनाची बंदी लागू होते. माळशेजमध्ये दरडीही कोसळतात. निघण्यापूर्वी त्या दिवसाची बातमी वाचावी.

रस्त्याने येणाऱ्याला भिवंडी बायपासच्या कोंडीने बेजार केले होते. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा तुकडा सुरू झाला, आणि शहापूर तालुक्यातून नागपूरपर्यंत सुसाट रस्ता झाला. पण त्या रस्त्यावर हात दाखवून गाडी थांबत नाही. पायी आलेल्या एकट्याला तो लांबून पाहण्यापुरताच.

याच तालुक्यातून मुंबईकडे एक प्रवास अखंड चालू असतो. तानसा धरण 1892 चे, त्यानंतर वैतरणा, मग भातसा. मुंबईला लागणारे निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचे. विमानातून उतरून मुंबईतल्या नळाखाली तोंड धुणारा माणूस ज्या गावाला जायला पाच वाहने बदलणार असतो, तिथले पाणी एकदाही न उतरता त्याच्या आधी पोचलेले असते. आणि त्या धरणांच्या तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

शहापूर आणि मुरबाड हे शेजारी तालुके. एकातून दुसऱ्यात जायचे तर बहुतेक बाहेरचे लोक कल्याणपर्यंत मागे येतात आणि पुन्हा निघतात. त्याची गरज नाही. शेणवे, किन्हवली करत एक रस्ता सरळगावला नगरच्या महामार्गाला मिळतो. भातखाचरे, आदिवासी पाडे, अधेमधे सागाचे रान, आणि डोळखांबच्या बाजूला आजोबाचा डोंगर. शहापूरला सकाळी विचारून निघालात, तर माळशेजची गाडी सरळगावला धरता येते.

आजोबा म्हटले की इथे आणखी एक एकटा प्रवासी आठवतो. 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला, त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले आणि त्याला माळशेज घाटात सोडले. तो तिथे थांबला नाही. बहुतेक रात्री चालत, शेतांतून आणि वस्त्यांच्या कडेने, मुंबई–आग्रा महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत, पुढे वसईची खाडी पार करून, महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडून तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. सुजय डहाके यांनी 2014 मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला. तो पाहायला मात्र आजोबा उरला नव्हता. डिसेंबर 2011 मध्ये एक महामार्ग ओलांडताना एका वाहनाने त्याला उडवले होते.