पिंगुळीच्या छायाबाहुल्या

कुडाळजवळचे पिंगुळी १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. आता ते सिंधुदुर्गात आहे. इथल्या ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्यांची कला जपली आहे.

कातडे साफ व पातळ करून त्यावर आकृती रेखतात. मग बाह्यरेषा कापतात आणि दागिने, वस्त्रे दाखवायला बारीक छिद्रे पाडतात. पडद्यामागे दिवा लावला की छिद्रांतून उजेड झिरपतो आणि रामायणातले पात्र पडद्यावर उभे राहते.

बाह्यरेषेवर उभी असलेली अशीच एक कला युरोपातही होती. तिथे अठराव्या शतकात काळ्या कागदातून चेहऱ्याची एक बाजू कापून व्यक्तिचित्रे करत. १८३९ नंतर छायाचित्रणाने तो व्यवसाय मागे पडला. दोन्ही कलांत ओळख पटते ती मुख्यतः बाह्यरेषेवरून.

पिंगुळीचे छायाबाहुली-कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावातल्या त्यांच्या ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या संग्रहालयात या बाहुल्या पाहायला मिळतात.